सर्व्हर बदलल्यापासून पेढीतले थंडरबर्ड मधूनच बंद पडते आणि जीमेलकडे जाणारे काही मेल परत येतात

पेढीवरचा_संगणकवाला

नमस्कार मंडळी. सांगलीतील एका हळदीच्या अडत पेढीचे संगणक आणि मेल मी गेली सहा वर्षे सांभाळतो. पेढीचे स्वतःचे डोमेन आहे, चौदा खाती आहेत आणि मेल आम्ही भाड्याच्या व्हीपीएसवर (इंटरनेटवरील आभासी सर्व्हरवर) स्वतःच चालवतो. त्यावर डेबियन १२ ही प्रणाली, मेल पाठवण्या-स्वीकारण्यासाठी पोस्टफिक्स, खात्यांतले मेल वाचायला देण्यासाठी डव्हकॉट, स्पॅम गाळण्यासाठी आरस्पॅमडी, ब्राउझरमधून मेल वाचण्यासाठी राउंडक्यूब आणि पहाऱ्याला फेलटूबॅन आहे. जुन्या व्हीपीएसची मुदत संपत आली म्हणून तीन आठवड्यांपूर्वी सगळा संसार नव्या व्हीपीएसवर हलवला, आणि एवीतेवी सगळे उपसलेच आहे तर म्हणून सर्व खात्यांचे पासवर्डही त्याच रात्री बदलले.

तेव्हापासून दोन त्रास सुरू झाले आहेत. पहिला असा की, दिवसातून एकदा-दोनदा पेढीतील नऊच्या नऊ संगणकांवरचे थंडरबर्ड (मेल वाचण्या-पाठवण्याचा प्रोग्रॅम) एकाच वेळी बंद पडते. सर्व्हरने कनेक्शन नाकारले असा संदेश येतो, मेल येत नाहीत आणि जातही नाहीत. दहा-पंधरा मिनिटांनी सगळे आपोआप पूर्ववत होते. राउटर बंद करून पुन्हा चालू केला तर मात्र लगेच सुरू होते, त्यामुळे दोष राउटरचाच असणार असे धरून मालकांना नवा राउटर घ्यायला लावला. नव्या राउटरवरही तेच होते आहे, आणि आता मालकांना तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही.

दुसरा त्रास असा की, जीमेलच्या पत्त्यांवर पाठवलेल्या दहा मेलपैकी चार-पाच परत येतात. तोच मजकूर त्याच पत्त्यावर पुन्हा पाठवला की बहुधा पोहोचतो. मेल खरोखर आमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी जुन्या सर्व्हरच्या काळापासून आहेत आणि एसपीएफमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता मी आठवणीने घातला आहे.

दोन्ही त्रास एकाच दिवशी सुरू झाल्यामुळे नव्या व्हीपीएसचे नेटवर्कच कच्चे असावे असा माझा समज झाला आहे. पुन्हा दुसरीकडे स्थलांतर करावे का, एवढेच विचारायचे आहे.

लॉगवाचक

स्थलांतराची घाई करू नका. पेढीत एकच खाते अनेक जण वापरतात का? थंडरबर्ड मूळ सेटिंगनुसार एका खात्यासाठी पाचपर्यंत कनेक्शने उघडी ठेवते, आणि डव्हकॉट एका वापरकर्त्याला एका आयपी पत्त्यावरून मुळात दहाच कनेक्शने देते. तिघांनी एकच सामाईक खाते आपापल्या संगणकावर जोडले, तर बाहेरून तिघांचा पत्ता राउटरमुळे एकच दिसतो आणि पंधरा कनेक्शनांची मागणी होते. त्यातल्या दहांनाच आत घेतले जाते. डव्हकॉटच्या लॉगमध्ये कनेक्शनांची कमाल मर्यादा ओलांडल्याची ओळ सापडते का, ते पाहा. सापडली तर डव्हकॉटच्या आयमॅप (मेल वाचण्याची पद्धत) विभागात 'मेल_मॅक्स_युजरआयपी_कनेक्शन्स' या सेटिंगची किंमत ३० करा आणि प्रत्येक थंडरबर्डमध्ये त्या खात्याची कनेक्शने दोनवर आणा.

पेढीवरचा_संगणकवाला

आपला तर्क निम्मा बरोबर निघाला. पेढीच्या सामाईक खात्याबाबत तशा ओळी खरोखरच होत्या, आणि मर्यादा वाढवल्यावर त्या बंद झाल्या. त्या खात्यात नवे मेल कधी उशिरा दिसतात अशी एक जुनी कुरकुर होती, तीही त्याबरोबर मिटली. परंतु सगळे संगणक एकदम बंद पडण्याचा प्रकार काल दुपारी पुन्हा झाला, आणि त्यात ज्यांचे खाते दुसरे कोणीही वापरत नाही तेही होते.

टपालहमाल

आपल्या पहिल्या निवेदनात तीन धागे आहेत, ते एकत्र ठेवून पाहू. बंदी पडते तेव्हा ती दहा-पंधरा मिनिटेच टिकते. राउटर पुन्हा चालू केला की लगेच सुटते. म्हणजे आपल्या ब्रॉडबँडला स्थिर आयपी नसावा आणि राउटर चालू होताना नवा पत्ता मिळत असावा. शिवाय संदेश कनेक्शन नाकारल्याचा आहे, वाट पाहून मुदत संपल्याचा नाही. नेटवर्क कच्चे असते तर पाकिटे वाटेत हरवली असती आणि थंडरबर्ड बराच वेळ ताटकळले असते. इथे मात्र कोणीतरी दारात उभे राहून स्पष्ट नकार देत आहे, आणि तोही त्या एका पत्त्यालाच.

हे काम फेलटूबॅनचे दिसते. त्याची मूळची मोजपट्टी अशी की, दहा मिनिटांच्या आत एका पत्त्यावरून पाच वेळा पासवर्ड चुकला तर त्या पत्त्याला दहा मिनिटे बंदी घालायची. पेढीतील नऊ संगणकांचा बाहेरचा पत्ता एकच असल्यामुळे एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या पेढीला होते. पुढच्या वेळी असे झाले की राउटरला हात लावू नका. त्याच संगणकावर राउंडक्यूब उघडा, आणि तेवढ्यात एक लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेऊन त्यातले थंडरबर्ड चालवून पाहा. राउंडक्यूब सर्व्हरवरच बसलेले असल्यामुळे ते डव्हकॉटशी आतल्या आतच बोलते आणि ब्राउझर फक्त ४४३ या पोर्टवर (सर्व्हरच्या वेबच्या दारावर) जातो. मेलच्या पोर्टांवरील बंदी त्याला लागू होत नाही. राउंडक्यूब चालले, हॉटस्पॉटवरचे थंडरबर्डही चालले आणि पेढीच्या राउटरवरचे तेवढे अडले, तर शंकेला जागाच उरणार नाही. मग सर्व्हरवर फेलटूबॅन-क्लायंटला एकेका जेलची (म्हणजे बंदीच्या एकेका नियमाची) स्थिती विचारा, म्हणजे आपलाच पत्ता बंदिवासात दिसेल.

जेल कोणते आहे, हेही लक्षपूर्वक पाहा. 'पोस्टफिक्स-एसएएसएल' हे जेल मेल पाठवताना चुकलेले पासवर्ड मोजते, पण बंदी घालताना मात्र पाठवण्याच्या पोर्टांबरोबर आयमॅप आणि पॉपची पोर्टेही बंद करते. त्यामुळे चूक पाठवणाऱ्या एखाद्या यंत्राने केलेली असते आणि वाचणाऱ्यांचीही दारे लागतात. डव्हकॉटमध्ये 'ऑथ_व्हर्बोज' हे सेटिंग तात्पुरते सुरू केले, तर कोणत्या खात्याच्या नावाने चुकीचा पासवर्ड दिला गेला तेही लॉगमध्ये उमटते. आपण सर्वांचे पासवर्ड एका रात्रीत बदललेत. जुना पासवर्ड धरून बसलेले एखादे उपकरण पेढीत नक्की असणार. बहुतेक ठिकाणी तो कोणाचा तरी जुना फोन असतो.

परत येणाऱ्या मेलचा याच्याशी काहीही संबंध नाही. दोन दुखणी एकाच मुहूर्तावर जडली म्हणून त्यांचे औषध एक असेल असे नाही. परत आलेल्या मेलमध्ये जीमेलने दिलेला नकाराचा क्रमांक कोणता आहे, तो इथे लिहा. तसेच पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये पोहोचलेल्या एका मेलची आणि परत आलेल्या एका मेलची ओळ शोधून 'रिले' (मेल ज्या सर्व्हरला दिला तो) या शब्दापुढे चौकटी कंसात दिलेले पत्ते एकाखाली एक मांडा.

पेढीवरचा_संगणकवाला

थक्क झालो आहे. आज दुपारी सव्वादोनला बंद पडले तेव्हा आपण सांगितल्याप्रमाणे राउंडक्यूब उघडले, आणि ते चालू होते. हॉटस्पॉटवरचा लॅपटॉपही चालू होता. फेलटूबॅनला विचारले तर 'पोस्टफिक्स-एसएएसएल' जेलमध्ये एकच पत्ता होता, आणि तो पेढीचा. आपल्याच पहारेकऱ्याने धन्याला बाहेर उभे केले होते.

लॉगमधील नाव पाहून मात्र हसावे की रडावे ते कळेना. ते खाते कोणा माणसाचे नसून स्कॅनरचे निघाले. दिवाणजींच्या गादीमागे एक जुने झेरॉक्स-स्कॅनर यंत्र आहे. सौदे उरकले की दिवाणजी हिशोबपट्ट्या त्यावर ठेवतात, पडद्यावरचे मेलचे बटण दाबतात आणि पट्टी परगावच्या पार्टीला जाते. पासवर्ड बदलताना या यंत्राची आठवणच झाली नव्हती. दिवाणजींना विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ते तीन आठवडे झाले, लाल दिवा दाखवतंय. मी दोन-तीनदा दाबून बघतो, नाही गेलं की मोबाइलवर फोटो काढून पाठवतो." तीन आठवड्यांत त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, आणि दर दुपारी त्यांनी बटण दोन-तीनदा दाबले की पेढीचे मेल बंद पडत होते. एका दाबण्यात ते यंत्र स्वतःहूनही दोन वेळा प्रयत्न करते, असे लॉगवरून दिसते.

जीमेलच्या नकाराचा क्रमांक ५५० ५.७.२५ असा आहे. रिलेपुढचे पत्तेही पाहिले. पोहोचलेल्या मेलसमोर चार आकड्यांचा टिंबांनी जोडलेला पत्ता आहे, तर परत आलेल्या प्रत्येक मेलसमोर विसर्गासारखी चिन्हे असलेला लांबलचक पत्ता आहे.

कृष्णाकाठ

यंत्राच्या बाबतीत एक सूचना करतो, कारण असेच एक धूड आमच्या कार्यालयातही आहे. पासवर्ड चुकल्याची नोंद लॉगमध्ये होते आहे, याचा अर्थ टीएलएसचा (संभाषण सांकेतिक करण्याचा) टप्पा यंत्र पार करते आहे. तेव्हा नुसता नवा पासवर्ड भरला तरी ते आज सुरू होईल. अशा यंत्रांच्या फर्मवेअरला मात्र सहसा कोणी वाली नसतो. उद्या सर्व्हरने जुन्या टीएलएस आवृत्त्या बंद केल्या की ते पुन्हा अडेल, आणि तेव्हा एका यंत्रासाठी सगळ्या सर्व्हरचे कुलूप ढिले करण्याचा मोह होईल. त्यापेक्षा यंत्राला पेढीतल्याच एका संगणकावरील सामाईक फोल्डरमध्ये स्कॅन टाकायला लावावे आणि मेल त्या संगणकावरून थंडरबर्डने पाठवावा. पाठवलेल्या पट्टीची प्रत पाठवलेल्या मेलमध्ये राहते, हा त्यातला आणखी एक फायदा. यंत्राने परभारे पाठवलेल्या मेलची अशी प्रत कुठेच नसते.

फेलटूबॅनच्या 'इग्नोरआयपी' या बंदीतून सूट देणाऱ्या यादीत पेढीचा पत्ता घालावा असे आपल्या मनात आले असेल, तर पत्ता बदलता असल्याने ते जमणार नाही. पत्ता स्थिर असता तरीही मी आधी चुकार उपकरण शोधले असते, कारण ती यादी आधीच असती तर दिवाणजींचा लाल दिवा आणखी वर्षभर कोणाला कळला नसता.

टपालहमाल

कृष्णाकाठ यांच्याशी सहमत आहे. आता जीमेलकडे वळू.

५.७.२५ या क्रमांकाचा अर्थ असा की, मेल ज्या आयपी पत्त्यावरून आला त्याची पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) नाही, किंवा त्या नोंदीतील नाव उलट शोधले असता ते त्या पत्त्याकडे परत पोहोचत नाही. आपल्या नव्या व्हीपीएसला आयपीव्ही४ (टिंबांच्या) पत्त्याबरोबर आयपीव्ही६ (विसर्गासारख्या चिन्हांचा) पत्ताही मिळालेला आहे, जो जुन्याला बहुधा नव्हता. पीटीआर नोंद आणि एसपीएफ या दोन्ही गोष्टी आपण आयपीव्ही४ साठी केल्या आणि आयपीव्ही६ अनवधानाने राहून गेला. पोस्टफिक्सला मात्र दोन्ही वाटा सारख्याच. 'एसएमटीपी_ॲड्रेस_प्रेफरन्स' या सेटिंगची मूळ किंमत 'एनी' अशी असते, म्हणजे समोरच्या सर्व्हरला दोन्ही प्रकारचे पत्ते असतील तर पोस्टफिक्स कोणताही एक उचलतो. एखाद्या वाटेचे नेटवर्क बंद असले तरी सगळे मेल अडकून पडू नयेत, हा त्यामागचा हेतू आहे. जीमेलच्या सर्व्हरांना दोन्ही पत्ते आहेत. म्हणूनच आपल्याला दहातले चार-पाच परत येताना दिसतात आणि पुन्हा पाठवलेला मेल बहुधा पोहोचतो. तो दुसऱ्या वेळी दुसऱ्या वाटेने जातो, एवढेच.

तातडीचा उपाय म्हणून त्या सेटिंगची किंमत 'आयपीव्ही४' करा आणि पोस्टफिक्स रीलोड करा. 'आयनेट_प्रोटोकॉल्स' या सेटिंगमधून आयपीव्ही६ समूळ काढून टाकण्याचा सल्ला आपल्याला जागोजागी वाचायला मिळेल, पण त्याने येणारे मेलही त्या वाटेने घेणे बंद होते, आणि तो बदल रीलोडने लागू होत नाही. पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. कित्येक जण रीलोड करतात, फरक पडत नाही म्हणून आणखी चार सेटिंगे बदलतात आणि मग कोणती मूळची होती तेच विसरतात.

कायमचा उपाय तीन ठिकाणी आहे. व्हीपीएसच्या नियंत्रण पटलावर आयपीव्ही६ पत्त्याची पीटीआर नोंद करून तिला मेल सर्व्हरचे नाव द्या. डोमेनच्या डीएनएसमध्ये (नाव-पत्त्यांच्या नोंदवहीत) त्या नावाची क्वाड-ए नोंद, म्हणजे नावावरून आयपीव्ही६ पत्ता सांगणारी नोंद, त्याच पत्त्याकडे वळवा. आणि एसपीएफमध्ये तो पत्ता जोडा. पीटीआर ही नोंद आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये करता येत नाही, ती ज्याच्या मालकीचे पत्ते आहेत त्याच्याकडेच होते. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलने मेल पाठवणाऱ्या सर्वांसाठी पीटीआर, टीएलएस आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम यांचा आग्रह धरला आहे. दिवसाला ५००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांचे नियम त्याहून कडक आहेत, पण अडत पेढी त्यात बसत नाही.

पेढीवरचा_संगणकवाला

तिन्ही नोंदी केल्या आणि एक दिवस थांबून सेटिंग परत 'एनी' केले, तर आज सकाळी पुन्हा तीन मेल परत आले. क्रमांक तोच आहे. पीटीआर नोंद तपासली. शेवटी ::१ असलेला जो पत्ता व्हीपीएसच्या पटलावर दिसतो, त्याला सर्व्हरचे नाव बरोबर लागलेले आहे. क्वाड-ए नोंदही त्याच पत्त्याची आहे. कुठे चुकतो आहे?

टपालहमाल

परत आलेला मेल पुन्हा उघडा. नकाराच्या मजकुरात क्रमांकाच्या लगेच पुढे, चौकटी कंसात, जीमेलला दिसलेला आपल्या सर्व्हरचा पत्ता असतो. तो शेवटी ::१ असलेलाच आहे का, अक्षर न् अक्षर ताडून पाहा. व्हीपीएस देणारे आयपीव्ही६ चा एखादाच पत्ता न देता सहसा ६४ बिटांचा अख्खा पट्टाच देतात. सर्व्हरने व्हीपीएसवाल्यांच्या राउटरच्या घोषणेवरून त्याच पट्ट्यातला दुसरा पत्ता स्वतःच घेतला असेल, तर बाहेर जाताना तो दुसराच वापरला जाऊ शकतो. तसे असल्यास 'एसएमटीपी_बाइंड_ॲड्रेस६' मध्ये ::१ वाला पत्ता लिहून पोस्टफिक्सला त्याच्याशी बांधून टाका.

लॉगवाचक

सर्व्हर नवा आहे म्हणून त्याच्या टीएलएस प्रमाणपत्राबद्दलही आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी आपण इथे पुन्हा याल. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र आपण घेतले असेल तर त्याची मुदत ९० दिवसांची असते आणि सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते मुदतीच्या सुमारे ३० दिवस आधी नवे करून ठेवतो. नवी फाइल डिस्कवर आली तरी डव्हकॉट आपण रीलोड करेपर्यंत जुनेच प्रमाणपत्र दाखवत राहतो. पोस्टफिक्सच्या मेल स्वीकारणाऱ्या प्रक्रिया मात्र थोड्या वापरानंतर मरतात आणि नव्या जन्मतात, त्यामुळे तो नवे प्रमाणपत्र आपसूक उचलतो. परिणाम असा विचित्र होतो की, मुदत संपण्याच्या दिवशी मेल पाठवता येतात, पण वाचताना थंडरबर्ड प्रमाणपत्र कालबाह्य झाल्याची तक्रार करते, आणि सर्टबॉटला विचारले तर तो सगळे ताजे असल्याचे सांगतो. सर्टबॉटच्या 'डिप्लॉय-हुक'मध्ये (नवे प्रमाणपत्र आल्यावर चालणाऱ्या आज्ञेत) डव्हकॉट रीलोड करण्याची एक ओळ घाला. ९९३ या आयमॅपच्या पोर्टवर प्रत्यक्ष कोणते प्रमाणपत्र दिले जाते, ते ओपनएसएसएलच्या 'एस_क्लायंट'ने पाहता येते. फाइलमधली तारीख पाहून समाधान मानू नका.

पेढीवरचा_संगणकवाला

पत्ता वेगळाच होता. पहिले चार गट तेच, पण शेवट ::१ च्या जागी लांब आकड्या-अक्षरांचा होता, आणि त्याची पीटीआर नोंद अर्थातच कोणीही केलेली नव्हती. पोस्टफिक्सला ::१ वाल्या पत्त्याशी बांधले. त्यानंतर गेल्या पाच दिवसांत जीमेलकडून एकही मेल परत आलेला नाही, आणि लॉगमध्ये दोन्ही प्रकारच्या पत्त्यांसमोर मेल पोहोचल्याच्या ओळी दिसत आहेत. डिप्लॉय-हुकची ओळही घातली.

स्कॅनर आता दिवाणजींच्या शेजारच्या संगणकावरील फोल्डरमध्ये पट्ट्या टाकतो आणि त्याचे मेल खाते मी बंद केले आहे. यंत्राच्या पडद्यावरून मेलचे बटण काढून टाकायला हवे होते, ते राहिले. परवा दिवाणजींनी सवयीने तेच दाबले, लाल दिवा लागला, आणि या वेळी त्यांनी मला दुकानाच्या दारातूनच हाक मारली. पेढीचे मेल मात्र चालूच होते, कारण यंत्रातला सर्व्हरचा पत्ताच मी पुसून ठेवला आहे आणि ते आता कोणाचेही दार ठोठावू शकत नाही. जुना राउटर चांगला आहे हे मालकांना कसे सांगावे, एवढा प्रश्न उरला आहे. तो गोदामात लावून द्यावा म्हणतो.